बी.एस्सी. केमिस्ट्री, पहिली नोकरी आणि रेझ्युमेतून काढलेली एक ओळ

निकाल लागला त्याच आठवड्यात मी श्रीगोंद्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन रेझ्युमे करून घेतला. दुकानदाराकडे साचा तयारच होता. दोन पानं झाली. वर मोठ्या अक्षरात 'बायोडेटा', मग वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, लग्न झालंय की नाही. त्याखाली 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' म्हणून एक लांबलचक इंग्रजी वाक्य, आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलामुलींकडे शब्दाला शब्द तेच. शेवटी छंद आणि 'वरील माहिती खरी आहे' असं लिहून सही. तीन वर्षं केमिस्ट्री शिकले, पण केमिस्ट्री हा शब्द त्या दोन पानांत दोनदाच आला होता.

भीमा ओलांडली की दौंड, आणि तिथून पुढे कुरकुंभची एमआयडीसी. केमिकल आणि औषधांच्या कंपन्या तिथे रांगेने आहेत. मी गेटवरच्या सिक्युरिटीकडे कागद देऊन यायचे, नोकरीच्या साइटवर रोज रात्री अर्ज टाकायचे. दोन महिन्यांत एकही फोन आला नाही. आई संध्याकाळी "आज काही?" विचारायची, आणि मला ताटावरून उठावंसं वाटायचं. आपल्यात काहीच नाही, असं मी मनाशी धरून बसले होते.

गणपतीत कॉलेजातली माझ्यापुढची ताई गावी आली. ती क्यूसीत, म्हणजे मालाची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये काम करते. तिला रेझ्युमे दाखवला. मिनिटभरात वाचून खाली ठेवला आणि म्हणाली, "प्रॅक्टिकलचं जर्नल ठेवलंयस ना? ते आण."

जर्नल तिने अर्धा तास वाचलं. एकेका पानावर बोट ठेवून विचारत गेली. "हे टायट्रेशन तू स्वतः केलंस? सलग जुळणारी किती रीडिंग घ्यायचीस?" तीन. (टायट्रेशन म्हणजे माहीत तीव्रतेचं द्रावण थेंब थेंब घालून दुसऱ्या द्रावणात काय किती आहे ते मोजणं.) "ॲस्पिरिन बनवलंस, मग मेल्टिंग पॉइंट कोणी घेतला?" मीच. "पिपेट कॅलिब्रेट केलीय? पाण्याचं वजन करून?" हो. "मग हे सगळं कुठे आहे यात?"

सगळ्यात जास्त वेळ ती माझ्या प्रोजेक्टवर थांबली. रेझ्युमेत मी एवढंच लिहिलं होतं: 'प्रोजेक्ट – पाण्याचे पृथक्करण'. खरं तर मी आणि मैत्रिणीने आमच्या भागातल्या १४ विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून आणलं होतं. ईडीटीए या रसायनाने टायट्रेशन करून कठीणपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे येणारा जडपणा, मोजला होता. पीएच १० वर स्थिर ठेवणारं बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचा दारूसारखा लाल रंग निळा होईपर्यंत थेंब थेंब. आकडे पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, आयएस १०५०० शी, ताडून पाहिले होते: लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. आमच्या ५ विहिरी ६०० च्या वर निघाल्या होत्या. ताई म्हणाली, "हेच लिही. किती नमुने, कोणती पद्धत, काय निघालं. वाचणाऱ्याला तू लॅबमध्ये उभी दिसली पाहिजेस."

बाकीचं पटापट झालं. फोटो, धर्म, जात, छंद, सही काढली. एक पान उरलं. रकाने-चौकटी काढून सरळ मजकूर ठेवला, कारण साइटवरची सॉफ्टवेअरं चौकटीतला मजकूर कधी कधी उलटसुलट वाचतात. पीडीएफला माझं नाव दिलं. आणि अर्ज पाठवण्याआधी जाहिरात नीट वाचायची सवय लावून घेतली: तिथे 'वेट ॲनालिसिस' (टायट्रेशनसारखी द्रावणांतली तपासणी) म्हटलं असेल आणि ते मी केलेलं असेल, तर माझ्याकडेही तोच शब्द.

एका ओळीवरून मात्र आमचं वाजलं. मी 'एचपीएलसीचे ज्ञान' लिहिलं होतं. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं ते यंत्र मी इंडस्ट्रियल व्हिजिटला काचेपलीकडून पाहिलेलं. सगळेच लिहितात, काढलं तर कोण बोलावणार, अशी मला धास्ती होती. ताईने ऐकलं नाही. "कॉलम कोणता होता विचारलं तर काय सांगशील?" कॉलम म्हणजे त्या यंत्रातली घटक वेगळे करणारी नळी. मी ती ओळ खोडली, पण मनातून नाराज होते.

नवीन रेझ्युमेवर तिसऱ्या आठवड्यात कुरकुंभहूनच फोन आला. मुलाखतीला सरांनी माझ्या कागदावर विहिरींच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती. "बफर कशाला? पीएच कमीजास्त झाला तर?" मी सांगितलं, कमी झाला तर रंग स्पष्ट बदलत नाही, एंडपॉइंट, म्हणजे कुठे थांबायचं ते, कळत नाही, फार वाढला तर मॅग्नेशियमचा साका बसतो आणि तेवढं मोजणीतून निसटतं. आवाज कापत होता, पण उत्तर माझं होतं. मग त्यांनी विचारलं, "एचपीएलसी?" म्हटलं, "पाहिलंय सर, चालवलेलं नाही." "इथे शिकाल," ते म्हणाले.

ट्रेनी म्हणून लागले. सुरुवातीला काचसामान धुणं आणि द्रावणं तयार करणं एवढंच काम होतं. चौथ्या महिन्यात एचपीएलसीचा मोबाइल फेज, म्हणजे यंत्रातून वाहणारं द्रावण, बनवून, गाळून, नमुन्याचं पहिलं इंजेक्शन माझ्या हातून झालं. त्या रात्री घरी येऊन रेझ्युमेची फाइल उघडली आणि खोडलेली ओळ परत लिहिली.