पट्टी

मार्गशीर्षातले गुरुवार जवळ आले की आमच्या फ्रेमच्या दुकानात देवांची रांग लागते. कुणाची काच तडकलेली असते, कुणाची मागची फळी वाळवीने खाल्लेली. नवीन फ्रेम कुणालाच नको असते. "नुसती काच टाका ओ," एवढंच. अशात साखर पेठेतल्या एक आज्जी चादरीत गुंडाळून लक्ष्मी घेऊन आल्या. नातवाचा चेंडू लागला होता. मी 220 सांगितले, त्यांनी 180 वर आणले आणि वर "गुरुवारच्या आत पायजे" अशी तंबी दिली.

फुटलेल्या काचेचा तुकडा उचलला आणि जरा थबकलो. तिरका धरला की पलीकडचा रस्ता लाटांसारखा हलत होता, काचेच्या पोटात बारीक बुडबुडे होते. अशी काच आता मिळत नाही. म्हणून कामावरच्या पोराला हात लावू दिला नाही, स्वतःच उघडायला बसलो.

गंजलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, पक्कडीने उपटल्या की जुनी फळी चिरते. पत्र्याची पातळ पट्टी खाली सरकवून एकेक चूक आधी उभी करायची, मग काढायची. खरी धास्ती पुढे असते. शंभर वर्षांची ओल आणि निरांजनाची काजळी यांनी कागद काचेला धरून बसलेला असतो. घाईने ओढला तर देवीचं नाक काचेबरोबर वर येतं. (आलेलं आहे. त्या गिऱ्हाइकाला मी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.) पण ही काच अलगद सुटली, कारण ती कागदाला टेकलेलीच नव्हती. मध्ये जरीचं कापड होतं.

कमळावर उभी चार हातांची लक्ष्मी, दोन हातांत कमळं, शेजारी सोंडेत माळ घेतलेला हत्ती. रविवर्म्याची लक्ष्मी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे, किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर तरी. या लक्ष्मीचा चेहरा, हात आणि पाऊल तेवढं छापील. साडी मात्र खऱ्या कापडाची, निऱ्या घालून शिवलेली. काठाला जर, गळ्यात मणी, मुकुटाला टिकल्या. टाके इतके बारीक की भिंगाशिवाय मोजता येईनात. आज्जी म्हणाल्या, "सासूनं शिवलंय. जुन्या मिलमध्ये कामाला होती." सोलापुरात जुनी मिल म्हटलं की कापडगिरणी, पुढचं सांगावं लागत नाही.

भिंग गालावर नेलं. आजच्या ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके ओळीत बसून छोटी छोटी फुलं करतात. इथे ठिपके विस्कटलेले होते, हाताने टिंबं दिल्यासारखे, आणि होतेही हातानेच दिलेले. दगडावरची छपाई होती ती. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि प्रत्येक दगड त्याच कागदावर केसभरही न सरकता बसला पाहिजे. एक दगड चुकला की ओठ गालावर जातात. शेवटी वार्निश, म्हणजे तैलचित्राचा भास. रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला तो यासाठीच. राजवाड्यातलं चित्र चाळीतल्या भिंतीवर यावं. 1899 च्या सुमारास छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, कर्जापायी पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी तिथे कामाला होते. रविवर्मा 1906 मध्ये गेला, छापखाना चालतच राहिला, 1972 मध्ये जळाला. चित्रकार धुरंधरांची चित्रंही तिथून छापली गेली, त्यामुळे छापखान्याचं नाव दिसलं म्हणजे चित्र रविवर्म्याचं, असं समजू नये. हे मी दुकानात हजारदा सांगतो. कुणी ऐकत नाही.

आणि नाव दिसणार कुठे? चित्राच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर. तीच तर आम्ही कापायचो.

हे लिहायला बसलो ते या पट्टीसाठी. वडिलांच्या हाताखाली मी चौदाव्या वर्षी उभा राहिलो. फ्रेम ठरलेल्या मापाच्या असत, चित्र मोठं झालं की कापायचं. "देवाला पांढरी किनार कशाला?" वडील म्हणायचे. पोलादी पट्टी लावायची, ब्लेड एका दमात ओढायचं. नाव, गाव, छापखाना, सगळं खाली केरात. कधी त्या तुकड्यावर ब्लेडची धार बघायचो, कधी खळ ढवळायचो. माझ्या हातून अशा किती पट्ट्या गेल्या ते आठवायला बसलं की झोप येत नाही. आता पुण्याचे संग्राहक फोनवर नमस्काराच्या आधी विचारतात, "मार्जिन आहे का?" हे शब्द मला चपराकीसारखे लागतात, आणि तरी मी हसून "बघतो साहेब" म्हणतो.

या लक्ष्मीला पट्टी दिसत नव्हती. आमच्यापैकीच कुणीतरी कापली असणार असं धरून चाललो. मग मागच्या बाजूला बोट फिरवलं तर खालची कड जाड लागली. सासूबाईंनी पट्टी मागे दुमडून तिच्यावरच साडीचा टाका भरला होता. एकेरी कागदात सुई फाडते, दुहेरीत दोरा धरतो. मिलमधल्या बाईला हे कुणी शिकवायला नको. दुमडीत आरसा सरकवून पाहिलं. इंग्रजी अक्षरं उलटी दिसली: रविवर्मा प्रेस, कार्ला, लोणावळा. म्हणजे छापखाना लोणावळ्याकडे गेल्यानंतरचं, 1899 च्या आधीचं नाही. पण पट्टी होती. पूर्ण. आम्ही शिकलेल्या कारागिरांनी जे केरात घातलं ते एका बाईने शिवणीत सांभाळलं, आणि तेही नकळत.

इथवर मी खूश होतो. मग तोंड उघडलं.

"आज्जी, हे साधं चित्र नाही. जपा. विकायचं म्हटलं तर 30-35 हजार कुणीही देईल." आज्जी नुसत्या "असंय का?" म्हणाल्या आणि गेल्या. संध्याकाळी त्यांचा थोरला मुलगा आला. दुसऱ्या दिवशी धाकटा, मोबाईल पुढे करून. त्यात कुणीतरी रविवर्म्याचं चित्र कोट्यवधींना गेल्याचं ओरडून सांगत होतं. मी म्हटलं, ते हाताने रंगवलेलं मूळ चित्र, हे छापील. ती मूळ चित्रं 1979 पासून देशाबाहेर नेता येत नाहीत, इतकी ती वेगळी. तो म्हणाला, "मग तुम्ही 35 हजार का बोललात? आतली गोष्ट काय ती सांगा की ओ." थोरल्याला वाटलं धाकट्याने मला फितवलंय. तिसऱ्या दिवशी दोघांनी वेगवेगळा निरोप दिला: माझ्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका. काच बसवू का, तर थोरला म्हणे थांबा, घेणारा काचेशिवाय मागेल. धाकटा म्हणे थांबा, आधी पुण्याचा माणूस बघून जाऊ दे.

पुण्याच्या माणसाने फोटो पाहून विचारलं, "कापड सोडवता येईल का? खालची साडी छापलेली असेल ना, ती बघायची होती." मी नाही म्हटलं. येईल सोडवता, पण एकेका टाक्याला दोन भोकं उरतील आणि दुमड उघडली की पट्टी कडेने तुटेल. हे त्याला सांगितलं नाही, नुसतं नाही म्हटलं. धंद्यात असं करू नये.

तेव्हापासून लक्ष्मी माझ्या कपाटात आडवी आहे, बटर पेपरमध्ये, शेजारी कापराच्या वड्या. नवी काच कापून उभी करून ठेवली आहे. 180 रुपये कुणी दिलेले नाहीत, मागायला तोंडही नाही.

पहिल्या गुरुवारी सकाळी शटर अर्धं वर होतं तेवढ्यात आज्जी आल्या. हातात करंडा, पिशवीत पाच फळं. मी कपाट उघडलं, कागद बाजूला केला. त्यांनी हात पुढे केला, पण कुंकू कुठे लावायचं ते कळेना. बोट तसंच हवेत राहिलं. इतकी वर्षं त्या काचेला लावत आल्या होत्या.

"काच कुठाय?" त्यांनी विचारलं.