गट जुळतोय ना, मग तासभर कशाला?

रक्तपेढीत काम करणाऱ्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. सूर कधी अजिजीचा असतो, कधी वैतागाचा. "पेशंट बी पॉझिटिव्ह आहे, तुमच्या फ्रीजमध्ये बी पॉझिटिव्हच्या पिशव्या आहेत. एक काढायची आणि द्यायची. तासभर थांबवून ठेवता ते कशासाठी?" त्या क्षणी मी एवढंच म्हणते, "क्रॉसमॅच चालू आहे," आणि आत वळते. ते उत्तर अपुरं आहे, मलाही माहीत आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आज सवडीने सांगते.

बी पॉझिटिव्ह याचा अर्थ एवढाच, की तुमच्या लाल पेशींवर बी आणि डी या दोन खुणा आहेत आणि ए ही खूण नाही. बस. लाल पेशींवर अशा ओळखता येणाऱ्या खुणा, म्हणजे अँटिजेन, ३०० हून जास्त आहेत. त्यांच्या ४० हून अधिक गटप्रणाली मानल्या जातात: केल, डफी, किड, एमएनएस अशी त्यांची नावं. आरएच (Rh) या प्रणालीतला सुद्धा फक्त डी कार्डावर येतो, पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह म्हणून. सी आणि ई त्याच कुटुंबातले, पण त्यांची नोंद सहसा कुठेच नसते. म्हणजे दोन बी पॉझिटिव्ह माणसं इतर बाबतींत एकमेकांपासून बरीच वेगळी असू शकतात, आणि असतातच.

बहुतेकदा त्याने काही बिघडत नाही. बिघडतं कधी, तर पेशंटच्या प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी सोडून उरलेल्या द्रवात, त्यातल्या एखाद्या खुणेविरुद्ध अँटिबॉडी आधीच तयार असेल तेव्हा. आपल्याकडे नसलेल्या ए किंवा बी विरुद्धच्या अँटिबॉडी जन्मानंतर काही महिन्यांत आपोआप तयार होतात. बाकीच्या बहुतेक मात्र कमवाव्या लागतात, पूर्वी घेतलेल्या रक्तातून किंवा गरोदरपणातून. पेशंटने अशी कमाई केली आहे का, हे गट सांगत नाही. त्याचं सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा, अँटिबॉडी असलेला द्रव) आणि त्या ठरावीक पिशवीतल्या पेशी एकत्र आणून बघावं लागतं. क्रॉसमॅच म्हणतात तो हाच.

ही गोष्ट माणसाला ठेच लागूनच कळली. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नामध्ये १९०१ साली ए, बी, ओ गटांचा शोध प्रसिद्ध केला. १९०७ मध्ये न्यूयॉर्कला रूबेन ऑटेनबर्ग यांनी रक्त देण्यापूर्वी दोघांचं रक्त जुळवून पाहायला सुरुवात केली. पुढची तीसेक वर्षं ए-बी-ओ जुळलं की काम झालं, असाच समज होता. मग १९३९ मध्ये फिलिप लेव्हिन आणि रूफस स्टेटसन यांनी एका बाईची हकीकत छापली. तिचं बाळ पोटातच गेलं होतं, तिला रक्ताची गरज होती, म्हणून नवऱ्याचं रक्त दिलं. तिचा गट ओ, त्याचाही ओ. आणि तिला जोरदार रिॲक्शन आली. नंतर तपासलं तर तिच्या सीरमने नवऱ्याच्या पेशींच्या गुठळ्या होत होत्या, आणि ओ गटाच्या इतर बहुतेक दात्यांच्याही. बाळाकडे वडिलांकडून आलेली एक खूण तिच्या पेशींवर नव्हती. गरोदरपणात तिच्या शरीराने त्या खुणेविरुद्ध अँटिबॉडी तयार केली होती. आज आपण ज्याला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह म्हणतो तो आरएच फॅक्टर या अशा प्रकरणांतून पुढे आला.

"माझंच घ्या की, आमचा गट एकच आहे," असं बायकोसाठी हात पुढे करणारा नवरा भेटला, की मला ही बाई आठवते. मूल होण्याच्या वयातल्या बायकोला शक्यतो नवऱ्याचं रक्त देऊ नये, ते याच कारणाने. भाऊ, आईवडील, मुलं यांच्या रक्ताला आणखी एक धोका असतो: दात्याच्या पांढऱ्या पेशी घरच्यासारख्या दिसल्यामुळे पेशंटच्या शरीरात टिकून राहतात आणि त्यालाच परकं समजून हल्ला करू शकतात. हे क्वचित घडतं, पण घडलं तर वाचणं फार कठीण. म्हणून जवळच्या नात्यातलं रक्त किरणोत्सर्ग देऊनच वापरतात. घरचं रक्त सगळ्यात सुरक्षित हा समज मला कधी पटलेला नाही.

आता त्या तासाचा हिशेब. नमुना आला की आधी नाव आणि नंबर, फॉर्मवरचा आणि ट्यूबवरचा, पडताळतो. मग ट्यूब यंत्रात वेगाने फिरवून पेशी आणि प्लाझ्मा वेगळे करतो. गट पुन्हा काढतो, तुमच्याकडे कार्ड असलं तरी. तोही दोन्ही बाजूंनी: पेशंटच्या पेशी आमच्या अँटिसीरमशी (ठरावीक खुणेविरुद्धच्या तयार अँटिबॉडीशी) आणि पेशंटचं सीरम आमच्या ए आणि बी पेशींशी. दोन्ही उत्तरं एकमेकांना पूरक आली नाहीत तर काम तिथेच थांबतं. त्याचबरोबर अँटिबॉडी स्क्रीन लावतो. त्यात कोणत्या खुणा आहेत हे माहीत असलेल्या ओ गटाच्या पेशींशी पेशंटचं सीरम मिसळतात. आणि मग पिशवी निवडून तिचा क्रॉसमॅच. त्यासाठी पिशवी उघडावी लागत नाही. तिला जोडलेल्या नळीचे सील केलेले तुकडे असतात, त्यातलं रक्त घेतो.

ए-बी-ओची गफलत असेल तर ती काही मिनिटांत, साध्या सलाइनमध्येही दिसते. ट्यूब फिरवून हलकेच हलवली की तळाशी बसलेलं पेशींचं बटण सुटं होण्याऐवजी गुठळीच राहते. वेळ खातात त्या दुसऱ्या, आयजीजी जातीच्या अँटिबॉडी. त्या पेशीला चिकटतात पण स्वतःहून गुठळी करत नाहीत. चिकटायला त्यांना शरीराइतकी ऊब लागते, म्हणून ३७ अंशांवर ठेवणं. लिस नावाचं कमी क्षारांचं द्रावण वापरलं तर १० ते १५ मिनिटं, नाहीतर अर्धा तास ते तास. मग न चिकटलेलं सगळं निघून जावं म्हणून पेशी तीन-चार वेळा धुवायच्या आणि त्यावर कूम्ब्ज सीरम घालायचं. रॉबिन कूम्ब्ज, आर्थर मूरंट आणि रॉब रेस यांनी १९४५ मध्ये ही चाचणी मांडली. चिकटलेल्या अँटिबॉडींना एकमेकींशी जोडून ती डोळ्यांना दिसेल अशी गुठळी घडवते.

समजा, गुठळी झाली नाही. मग मोकळे झालो? नाही. पेशी नीट धुतल्या गेल्या नसतील तर उरलेलं सीरम कूम्ब्ज सीरमला निकामी करतं आणि धोकादायक ट्यूबही निर्धोक दिसते. म्हणून प्रत्येक निगेटिव्ह ट्यूबमध्ये आधीच अँटिबॉडी चिकटवलेल्या कंट्रोल पेशी घालतो. त्यांची गुठळी झाली पाहिजे. झाली नाही तर ती चाचणी रद्द, सगळं पहिल्यापासून. या कामातली मला सगळ्यात आवडणारी पायरी हीच आहे: 'काही नाही' या उत्तरावर पुरावा मागणारी. ट्यूबऐवजी जेल भरलेली कार्डं वापरली तर धुण्याची कटकट नसते, तरी १५ मिनिटं ऊब आणि १० मिनिटं फिरवणं लागतंच. ही मिनिटं ओळखीने कमी होत नाहीत.

काही ठिकाणी हा शेवटचा क्रॉसमॅच ट्यूबमध्ये न लावता संगणकच पिशवी मंजूर करतो. पेशंटचा गट दोन स्वतंत्र वेळी काढलेला असेल, स्क्रीन निगेटिव्ह असेल आणि जुन्या नोंदींतही अँटिबॉडी नसेल, तरच. माझा त्याला विरोध नाही. स्क्रीन नीट झाली असेल तर त्या पेशंटसाठी ट्यूबमधला क्रॉसमॅच फारसं नवीन काही सांगत नाही.

कधीकधी मात्र तोच सगळं सांगतो. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून एक नवा गट जगासमोर आणला. तो आता बॉम्बे गट म्हणूनच ओळखला जातो. या माणसांच्या पेशी नुसत्या तपासल्या तर त्या ओ वाटतात, कारण ए नाही, बी नाही. पण ज्या एच पदार्थावर ए आणि बी उभे राहतात तोच त्यांच्याकडे नसतो, आणि त्यांच्या सीरममध्ये एच विरुद्ध तगडी अँटिबॉडी असते. साध्या ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर. म्हणजे कार्डावर विश्वासून 'ओ'ची पिशवी लावली तर जिवावर बेतेल. त्यांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. स्क्रीनच्या ओ पेशींच्या गुठळ्या होतात, क्रॉसमॅचमध्ये एकामागून एक ओ पिशवी नाकारली जाते, तेव्हा हा माणूस सापडतो. अशा वेळी एक तास पुरत नाही. ज्यांच्या अँटिबॉडी स्वतःच्याच पेशींवर उठलेल्या असतात त्यांचंही तसंच. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी डॅराटुमुमॅब हे औषध घेणाऱ्यांची तर प्रत्येक ट्यूब पॉझिटिव्ह येते, कारण ते औषधच लाल पेशींना चिकटतं. ते चालू असल्याचं आधी कळलं तर आमचा अर्धा दिवस वाचतो.

आणि जिथे एक तास म्हणजेच मृत्यू, तिथे आम्ही थांबवत नाही. धो-धो रक्तस्राव होत असेल तर डॉक्टरांच्या सहीवर क्रॉसमॅच न केलेलं ओ निगेटिव्ह निघतं; पुरुषांना आणि मूल होण्याचं वय उलटलेल्या बायकांना अनेकदा ओ पॉझिटिव्ह. ते रक्त लावण्याआधी नमुना मात्र घेतलेला हवा. पिशवी गेल्यावरही आत चाचणी चालूच राहते.

लोकांचा सगळ्यात जास्त राग ओढवतो तो तासामुळे नाही, ट्यूब परत पाठवल्यामुळे. नावातलं एक अक्षर चुकलं, नंबर जुळला नाही, की आम्ही नवा नमुना मागतो. "एका अक्षराने काय होतं?" काय होतं ते सांगते. क्रॉसमॅच ट्यूबमधल्या रक्ताबद्दल उत्तर देतो. ते रक्त खरोखर त्याच पेशंटचं आहे का, याबद्दल तो मुका आहे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं रक्त तुमच्या पेशंटच्या नावाने आलं तर चाचणी अगदी निर्दोष होईल आणि पिशवी शेजारच्या माणसाला जुळणारी निघेल. चुकीच्या गटाचं रक्त जाण्याची प्रकरणं जगभर बहुतांशी अशीच घडतात: नमुना घेताना किंवा पिशवी लावताना माणूस ओळखण्यात. थोड्या मिलिलिटरनेही पेशी फुटायला लागतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. म्हणून नमुना खाटेशेजारीच, पेशंटच्या तोंडून नाव वदवून घेऊन लेबल करायचा. नर्स तिसऱ्यांदा नाव विचारायला आली तर तिच्यावर चिडू नका.

चाचणीला एक मर्यादा आहे, आणि तिथे तुमची मदत लागते. काही अँटिबॉडी, विशेषतः किड प्रणालीतल्या, काही महिन्यांत इतक्या विरळ होतात की कूम्ब्जलाही दिसत नाहीत. शरीर मात्र विसरलेलं नसतं. तीच खूण असलेलं रक्त पुन्हा गेलं की त्या उसळून वर येतात आणि आठवड्याभरात चढवलेलं हिमोग्लोबिन उतरतं, डोळे पिवळे होतात. आजचा क्रॉसमॅच निर्दोष, तरीही. म्हणून पूर्वी रक्त घेतलंय का, कुठे, किती गरोदरपणं, गर्भपात धरून, हे विचारतो ते चौकशीपोटी नव्हे. गेल्या तीन महिन्यांत रक्त घेतलं असेल किंवा गरोदरपण असेल तर तुमचा नमुनाही तीन दिवसांपुरताच चालतो, कारण त्यानंतर सीरममध्ये नवं काही उगवलेलं असू शकतं. ठरलेल्या ऑपरेशनसाठी नमुना आदल्या दिवशी पाठवलात तर अँटिबॉडी निघाली तरी पिशवी शोधायला वेळ राहतो.

आणि कधी एखाद्या रक्तपेढीने तुमच्यात अँटिबॉडी सापडल्याचं कार्ड किंवा चिठ्ठी दिली असेल, तर ती घरच्या फाइलमध्ये ठेवू नका. पाकिटात ठेवा, अपघात झाला की फाइल घरीच असते.