आप्पांची गाडी आणि गुरुवारचं पासिंग

नाशिकला द्वारकाजवळ माझं छोटं गॅरेज आहे, पेट्रोल गाड्यांचंच काम जास्त. ऑक्टोबरातली गोष्ट, सोमवारी सकाळी शटर वर केलं तर पिंपळगावचे आप्पा दारातच गाडी लावून बसलेले, सोबत सूनबाई आणि दोन पोरं. 2010 ची हॅचबॅक, 15 वर्षं पूर्ण होत आलेली, म्हणजे आता रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं, पेठ रोडच्या आरटीओत गाडी दाखवायची, पास झाली की पुढची 5 वर्षं बघायला नको. तारीख गुरुवारची. बागेत छाटणी चालू, मजूर लागलेले, त्यामुळे आप्पांना लई घाई. म्हणाले, "भाऊ, हॉर्न लाईट ब्रेक बघून घे, आणि टाकीला जरा वेल्डिंग मारून दे, थोडं पाझरतंय."

थोडं पाझरतंय हे ते ज्या सहजतेनं बोलले ना, मला तिथंच कसंतरी झालं.

मी सूनबाईंना विचारलं, ताई गाडी तुम्हीच चालवता ना, वास कधी येतो? तर त्या म्हणाल्या, "दादा, टाकी फुल केली की दोन दिवस येतो, अर्धी झाली की बंद, आणि वणीच्या गडावर चढताना तर पोरांना उलट्या होतात म्हणून काचा उघड्या ठेवते, घरी सांगून सांगून थकले पण सगळे म्हणतात जुनी गाडी आहे, वास यायचाच." माझं अर्धं काम त्यांनी तिथंच केलं. फुल टाकीतच वास येतो म्हणजे लिकेज वरच्या भागात, फिलर नेकचा होज म्हणजे पेट्रोल भरायच्या तोंडाचा रबरी पाईप, ब्रीदरची म्हणजे टाकीतली हवा बाहेर सोडणारी नळी, नाहीतर पंपाच्या वरचं सील. आणि चढावर पेट्रोल मागं सरकतं, म्हणजे पंपापेक्षा मागच्या नळ्यांवर संशय जास्त.

मागच्या चाकावरचं प्लास्टिकचं लायनर काढलं आणि बघतच राहिलो. ब्रीदरला कुणीतरी ठिबकची 16 एमएमची नळी लावलेली! बागेतलीच. ती पेट्रोलसाठी बनलेलीच नसते, ढिली पडून निम्मी घसरली होती. फिलरचा मोठा होज वाकवला तर आतून सगळ्या भेगा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्या काळचं रबर त्यासाठी केलेलंच नव्हतं, पण सगळा दोष इथेनॉलला देणार नाही, 15 वर्षांत रबर तसंही संपतंच.

एवढ्यावर भागलं असतं तर दुपारपर्यंत गाडी दिली असती. पण आप्पा पाझरतंय म्हणाले ते खालून. टाकी ज्या लोखंडी पट्ट्यांवर बसते तिथं बागेच्या रस्त्याचा चिखल वर्षानुवर्षं अडकून बसलेला, ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतल्या आत खातो. वर एम-सीलचा तळहाताएवढा गोळा. पुसून कोरडं केलं, टाल्कम पावडर मारली, दहा मिनिटांत गोळ्याच्या कडेनं ओली रेघ उमटली.

आप्पा परत म्हणाले, मार ना वेल्डिंग, टाकी रिकामी करून घे. नाही म्हणलं. माझ्या उस्तादांनी अशीच एक रिकामी टाकी वेल्डिंगला घेतली होती, मी तेव्हा पोरगा होतो, त्यांचे दोन्ही हात भाजलेले मी बघितलेत. लोकांना वाटतं रिकामी टाकी म्हणजे धोका नाही, पण पेट्रोल पातळ असताना जळत नाही, जळते ती वाफ, आणि रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात, एक ठिणगी बास.

टाकी उतरवायचं ठरलं. आधी पंपाचा रिले काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं म्हणजे लाईनीतलं प्रेशर जातं, मग बॅटरीचा निगेटिव्ह काढला, पेट्रोल बंद कॅनमध्ये घेतलं, आणि हे सगळं गॅरेजबाहेर मोकळ्या हवेत, पिटात नाही, कारण वाफ जड असते, खड्ड्यात साचते. टाकी खाली घेतली आणि आप्पांसमोर एम-सील खरवडायला लागलो तर स्क्रू ड्रायव्हर सरळ आत गेला. मी जोरसुद्धा लावला नव्हता. आप्पा काहीच बोलले नाहीत, पोरं मागच्या सीटवर कुठं बसतात तिकडं नुसते बघत उभे राहिले. मग म्हणाले, नवीन टाक.

नवी टाकी यायला बुधवार संध्याकाळ झाली, गुरुवारची तारीख हुकली. पुढची अपॉइंटमेंट घेतली, मुदत अजून शिल्लक होती म्हणून बरं. टाकी, पेट्रोलचेच होज, नवीन क्लॅम्प, पंपाचं सील, सगळं बसवलं.

आणि मग पीयूसीला अडकलो. धुरातल्या सीओची, म्हणजे कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा 0.5 टक्के, मशीन दाखवतंय 1.6. प्लग ठीक, एअर फिल्टर ठीक. शेवटी कॅनिस्टरकडून, म्हणजे टाकीतली वाफ धरणाऱ्या डब्याकडून, इंजिनकडं जाणारी बारीक नळी पकडीनं दाबली आणि आकडा डोळ्यांदेखत उतरला. ती वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला आणि कॅनिस्टर पेट्रोलनं भिजलेला. सूनबाईंना विचारलं, पंपावर कट झाल्यावर अजून भरून घेता का? म्हणाल्या, हो, हे राऊंड फिगर करतात ना. ते वरचं पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरतं, त्याचं काम फक्त वाफ धरायचं. दोन्ही बदलले, 0.3 आलं.

आरटीओत लाईट, वायपर, हँडब्रेक, टायर, चेसिस नंबर बघितला, गाडी पास. टाकीखाली कुणी वाकलं नाही. म्हणजे एम-सीलवरही ही गाडी कदाचित पास झाली असती, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

दिवाळीनंतर सूनबाई ऑईल बदलायला आल्या. म्हणाल्या, "दादा, काल टाकी फुल करून गडावर जाऊन आले. काचा बंद होत्या. पोरं झोपली मागं."