आई, तू आतच थांब

आईने आइस हॉकी पहिल्यांदा पाहिली ती १५ फेब्रुवारी २०२५ च्या शनिवारी, समोरच्यांच्या घरी. टोरांटोजवळच्या मिसिसॉगात त्या आठवड्यात इतका बर्फ पडला होता की रस्ता ओलांडून समोर जायचं म्हणजे खिंड पार करायची. समोरचे गृहस्थ साठी उलटलेले, इथलेच. तुम्ही त्यांच्या पायावर पाय दिलात तरी ‘सॉरी’ तेच म्हणणार.

चार देशांच्या स्पर्धेतला सामना, मॉन्ट्रियलला, कॅनडा विरुद्ध अमेरिका. ट्रम्प कॅनडाला ‘एकावन्नावं राज्य’ म्हणत होते, वर आयातकराची धमकी, त्यामुळे वातावरण आधीच तापलेलं. अमेरिकेचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि आई उठून उभी राहिली. सांगलीच्या थिएटरात सिनेमाआधी उभं राहायची सवय. राष्ट्रगीत कुणाचं हा प्रश्न तिच्या गुडघ्यांपर्यंत पोचतच नाही. तेवढ्यात टीव्हीतून आणि त्याच वेळी शेजारच्या खुर्चीतून ‘बूऽऽऽ’ असा आवाज आला. तोंडाशी हाताचा कर्णा करून, चक्क आमचे सॉरीवाले! आई ताठ उभी, ते बसलेले आणि मधे मी, अर्धवट उठलेला. गीत संपल्यावर ते आईकडे वळले आणि म्हणाले, ‘सॉरी.’

मग खेळ सुरू झाला, म्हणजे झालाच नाही. पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या. हातमोजे बर्फावर टाकायचे, समोरच्याची जर्सी धरायची आणि ठोसे. पंच जवळच उभे, पण कुणीतरी खाली पडेपर्यंत मधे पडत नाहीत. नंतर प्रत्येकाला पाच-पाच मिनिटं काचेपलीकडच्या बाकावर बसवतात. ‘आमच्या शाळेत अंगठे धरायला लावायचे,’ आई म्हणाली. तिला हा भाग आवडला. पक मात्र तिला दिसेना. तो मलाही दिसत नाही, इतकी वर्षं इथे राहून. बूटपॉलिशच्या डबीएवढी काळी रबरी चकती. ती इकडे आहे असं वाटेपर्यंत तिकडे गोल झालेला असतो. मी प्रेक्षकांकडे बघतो. ते उठले की गोल.

कॅनडा ३-१ असा हरला. गृहस्थ बराच वेळ आपल्या सोफ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘फायनल तुमच्याकडे बघू या का?’

दुसऱ्या कुणाला हे विचित्र वाटलं असतं. मला मात्र पहिल्यांदाच हा माणूस आपल्या गल्लीतला वाटला. १९८६ साली शारजाला मियाँदादने चेतन शर्माच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि माठातलं पाणी प्यायला उठलो होतो. चेंडू फुलटॉस पडला हे जगाला माहीत आहे. आमच्या काकाच्या मते तो माझ्यामुळे पडला. पुढे कित्येक वर्षं भारत-पाक सामना असला की तो मला बघून म्हणायचा, ‘आला पांढऱ्या पायाचा!’

तर गुरुवारी, २० तारखेला, बोस्टनची फायनल आमच्याकडे. गृहस्थ बिअर घेऊन आले, घरात फिरून तीन ठिकाणी बसून पाहिलं आणि शेवटी खिडकीजवळची खुर्ची पसंत केली. बोलता बोलता त्यांचा इतिहास कळला. १९७२ साली कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामने झाले, शेवटचा मॉस्कोत. शाळांतून टीव्ही लावून मुलांना बसवलं होतं. हे तेव्हा दहा वर्षांचे. ऐन वेळी लघवीला गेले. परत आले तर पोरं बाकांवर नाचत होती: ३४ सेकंद उरले असताना पॉल हेंडरसनने गोल मारला होता आणि कॅनडा ६-५ ने जिंकला होता. देशाच्या इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध गोल, आणि हे मुतारीत. तेव्हापासून त्यांची खात्री आहे की आपण बघत नसलो की कॅनडा जिंकतो.

दुसऱ्या सत्रात अमेरिका २-१ ने पुढे होती. आई चहा टाकायला आत गेली आणि सॅम बेनेटने बरोबरी केली. आई कप घेऊन दारात आली तर गृहस्थांनी दोन्ही हात वर केले, ट्रॅफिक हवालदारासारखे. मीच भाषांतर केलं, ‘आई, तू आतच थांब.’

‘किती वेळ?’

‘सामना संपेपर्यंत.’

तिने काही विचारलं नाही. काकाची भावजय ती, तिला काय सांगायचं! कप ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, मग डबे उघडल्याचा, आणि थोड्या वेळाने मंद आचेवर तुपात बेसन भाजल्याचा वास.

तिसरं सत्र कोरडं गेलं. आता जादा वेळ, आणि त्यात नियम असा की पहिला गोल तोच शेवटचा. अमेरिका धडाधड फटके मारतेय आणि कॅनडाचा गोलकीपर बिनिंग्टन ते अडवतोय. संध्याकाळपासून ‘याला कुणी घेतला?’ म्हणून ज्याचा उद्धार चालला होता, तोच हा. गृहस्थ एकदम उठले, कोट चढवला, दाराशी असलेलं आमचं फावडं उचललं आणि बाहेर जाऊन आमच्या दारातला बर्फ काढायला लागले. रात्री पावणेअकरा वाजता.

राहिलो मी एकटा. आठ मिनिटं अठरा सेकंद झाले असताना मार्नरने पास दिला, मॅकडेव्हिडने मारला, पडद्यावर कॅनडाच्या जर्सी एकमेकींवर आदळल्या. मार्नर तेव्हा टोरांटोच्या संघाचा, आणि १९६७ नंतर टोरांटोला स्टॅन्ली कप, म्हणजे इथल्या हॉकीचा सगळ्यात मोठा करंडक, न मिळण्याचं बरंचसं पाप इथले लोक त्याच्याच माथी मारत. तोवर खिडकीबाहेरून आवाज आला होता. थंडीत दारं-खिडक्या घट्ट लावलेल्या, तरी घराघरातून एकदम एकच ओरडा, मग गाड्यांचे हॉर्न. गृहस्थ फावडं टेकून उभे होते. त्यांनी आत डोकावूनही पाहिलं नाही, नुसतं ‘कोणी मारला?’ असं काचेतून खुणेने विचारलं.

आई परात घेऊन बाहेर आली. तिला रिप्ले दाखवला. तीनदा दाखवला. गृहस्थ बुटांसकट आत आले होते, सॉरी म्हणत एक कोमट लाडू त्यांनी अख्खाच तोंडात टाकला होता आणि तेही तो गोल आत्ताच पहिल्यांदा बघत होते.

‘पक कुठंय यात?’ आई म्हणाली.

मी पडद्यावर अंदाजाने बोट ठेवलं.