तुम्ही विचारलंत म्हणून: बरा दिसतोय, मग परत दुर्बीण कशाला?

"अहो, आता चांगला जेवतोय, खेळतोय की! मग परत कशाला त्या पोराला दुर्बिणीच्या तपासणीला नेताय?" सोसायटीतल्या काकूंपासून माझ्या नणंदेपर्यंत हे सगळ्यांनी विचारून झालंय. विचारण्यात काळजीच असते, त्यामुळे राग येत नाही. पण जिन्यात उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

माझ्या मुलाला क्रोन्स आहे, म्हणजे आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा जुनाट आजार. या आजाराची खोड अशी, की पोटदुखी थांबली म्हणजे आतड्यातल्या जखमा भरल्या असं नसतं. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे हा आजार बहुतेकदा ठाण मांडतो. सूज वरवरची नसते, आतड्याच्या भिंतीत आरपार जाते. ती वर्षानुवर्षं आतल्या आत धुमसत राहिली तर वण धरून आतडं अरुंद होतं, कधी फिस्टुला (आतड्यातून दुसरीकडे फुटलेली भलतीच वाट) होतो आणि मग गाठ सर्जनशी पडते. मुलांच्या बाबतीत आणखी एक, उंची खुंटते. आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर रिपोर्टांआधी उंची-वजनाचा तक्ता उघडतो. (१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर या तिघांनी या आजारावर निबंध लिहिला. वर्णानुक्रमात क्रोन पहिले, म्हणून आजार त्यांच्या नावावर लागला.)

आता आपल्याकडची गंमत. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून बऱ्याचदा सारखेच दिसतात, आणि बायोप्सीतूनही दर वेळी निकाल लागतोच असं नाही. आमचंही तसंच झालं. डॉक्टर म्हणाले, एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करू आणि दोनेक महिन्यांनी परत आत बघू. टीबी असेल तर तोवर व्रण भरायला लागलेले दिसतात. त्या औषधांनी त्याला थोडं बरं वाटत होतं, भूकही लागत होती. नुसत्या तब्येतीवर विसंबलो असतो तर टीबीचाच कोर्स पुढे रेटला असता. दुर्बिणीत व्रण जसेच्या तसे निघाले, तेव्हा क्रोन्सवर शिक्कामोर्तब झालं. तेव्हा पुन्हा केलेली तपासणी फुकट गेली असं मला कुणी म्हणू नये.

मग इन्फ्लिक्सिमॅब सुरू झालं, जोडीला अझाथायोप्रिन. दोन्ही प्रतिकारशक्तीला आवर घालून सूज कमी करणारी औषधं. इन्फ्लिक्सिमॅब शिरेतून देतात. पहिला डोस झाला की दोन आठवड्यांनी, मग सहाव्या आठवड्यात आणि त्यानंतर दर आठ आठवड्यांनी. पोरगं महिन्याभरात उड्या मारायला लागलं. पुढच्या दुर्बिणीला घरचे सगळेच नाखूश होते आणि नेमके तेव्हाच लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण सापडले. लहान झाले होते, पण होते. पुढचा डोस द्यायच्या आधी रक्तातली औषधाची पातळी तपासली तर ती कमी निघाली. औषध बदलावं लागलं नाही, फक्त डोस आठऐवजी सहा आठवड्यांवर आणले. त्यानंतरच्या फोटोंत तो भाग गुलाबी, गुळगुळीत दिसला. मधे ते बारीक उंचवटे दिसतात ना, ते मुलांमध्ये असतातच, असं डॉक्टरांनी बोट ठेवून सांगितलं. नाहीतर मी तेवढ्यावरून रात्र जागून काढली असती.

"रक्ताची, शीची तपासणी करून भागत नाही का?" हा पुढचा प्रश्न. बरंचसं भागतं. शीमधलं कॅलप्रोटेक्टिन आम्ही काही महिन्यांनी बघतोच. आतड्यात सूज असली की हा आकडा चढतो. पण साधं इन्फेक्शन झालं किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी पोटात गेली तरीही तो चढू शकतो. शिवाय आजार फक्त लहान आतड्यात असला तर आकडा कधी कधी दिसतो तेवढा खरा नसतो. पोटाच्या सोनोग्राफीत आतड्याच्या भिंतीची जाडी मोजतात, एमआरआयही होतो. हे सगळं आम्ही करतो, म्हणूनच तर दुर्बिणीच्या तारखा लांबवता येतात.

खरं सांगायचं तर मुलाला भुलीचं काही वाटत नाही. त्याचं वैर आदल्या संध्याकाळशी आहे. पोट साफ करायची ती पावडर पाण्यात कालवून जगच्या जग संपवायची. चव खारट-गोडसर, शेवटी शेवटी पाणी कोमट झालेलं. आम्ही ते फ्रीजमध्ये गार करून स्ट्रॉने देतो, मधे लिंबाची फोड चाटायला. नारळपाणी चालतं, गाळलेलं मोसंबीचं चालतं, पण कोकम सरबत नाही, कारण लाल रंग आतड्यात रक्तासारखा दिसतो. आणि याला नेमकं तेच हवं असतं! बाथरूमचा ताबा रात्रभर त्याच्याकडे. बाकीच्यांनी शेजाऱ्यांकडे जायचं. सकाळी सुई टोचायच्या आधी हाताला बधिर करणारं मलम लावून घ्या, एवढं मी प्रत्येक आईला सांगते. ते तासभर आधी लावावं लागतं आणि मागितल्याशिवाय बरेचदा कुणी लावत नाही.

सारखी सारखी दुर्बीण करावी, असं मी म्हणत नाही. भूल आहे, आतड्याला इजा व्हायचा धोका फार विरळ असला तरी आहे, आणि खर्च आहेच. म्हणून आता तारीख घेण्याआधी मी एकच विचारते: जे दिसेल त्यावरून औषधात काय बदलेल? उत्तर "तसं काही नाही" असेल, तर आम्ही थांबतो. डॉक्टरांनाही हा प्रश्न आवडतो, निदान आमच्या डॉक्टरांना.

या वेळचं उत्तर स्पष्ट आहे. अझाथायोप्रिन बंद करायचा विचार चालू आहे, कारण मुलग्यांना ही दोन्ही औषधं वर्षानुवर्षं एकत्र दिली तर एका अत्यंत दुर्मीळ लिम्फोमाचा (एक प्रकारचा कॅन्सर) धोका सांगतात. एक औषध काढून घ्यायचं तर त्याआधी आत खरंच सगळं शांत आहे ना, हे डोळ्यांनी बघून घ्यायचंय. मुलगा तयार आहे. त्याची अट एकच, तारीख शाळेच्या क्रिकेट सामन्यांच्या नंतरची हवी. ती डॉक्टरांनी मान्य केली आहे.