तुम्ही विचारलंत म्हणून: हे सगळं कितीला पडलं?

घरी आलेला पाहुणा चहा होईपर्यंत इकडेतिकडे बघतो आणि शेवटी विचारतोच, "हाई कितलाले पडनं?" जळगावातला आमचा साधा फ्लॅट. त्यात सागवानी फडताळ, पितळी घंगाळ, भिंतीवर पाट, म्हणजे पैसा ओतला असणार असं लोकांना वाटतं. खरं सांगायचं तर जुन्या वस्तूंना फार पडलं नाही. पैसे लागले ते नव्यांना.

खान्देशात धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं पाडून स्लॅब टाकणं अजून चालूच आहे. हे काम उन्हाळ्यात, पावसाच्या आधी निघतं. तेव्हा सातपुड्याच्या सागवानाची फडताळं, पाट, चौरंग अंगणात ढीग होऊन पडतात. त्यातलं बरंचसं भंगारात जातं, उरलेलं चुलीत. आमच्या मामींना मी विचारलं, "मामी, हे फडताळ नेऊ का?" तर म्हणाल्या, "ने बाई, नाहीतरी सरपणच व्हणार व्हतं." तरी फुकट काही आणू नका. पितळ, तांबं मोडीच्या भावाने तोलून घ्या आणि वर थोडे जास्त द्या. फुकट नेलेल्या परातीचा हिशोब पुढच्या लग्नात हमखास निघतो. मोठ्या शहरांतल्या दुकानांत हीच घंगाळं 'व्हिंटेज' अशी चिठ्ठी लावून बसलेली असतात. तिथून घ्यायची असतील तर जरूर घ्या, पण मग स्वस्ताची गोष्ट करू नका.

माझा नियम एकच. लाकूड आणि धातू जुना चालतो. अंगाला लागणारं, विजेचं आणि पाण्याचं सगळं नवं हवं. जुन्या बाजेला नवी नायलॉनची पट्टी विणून घेतली आणि वर नवी गादी टाकली, कारण सुंभाच्या विणीत ढेकूण राहतात आणि ते काही जुनी आठवण म्हणून जपायचे नसतात. पितळी दिव्यात होल्डर आणि वायर दोन्ही नवीन, बल्ब एलईडीचा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना खोलीत आणखी एक तापणारी वस्तू कशाला? आजीची पत्र्याची पेटी फॅब्रिकेशनवाल्याकडे नेऊन तिला लोखंडी पाइपाचे चार पाय लावून आणले. वर गादी, गादीला लुगड्याची खोळ. आत हिवाळ्यातल्या गोधड्या. खाली जमिनीवर जळगावचीच प्लॅस्टिकची चटई, पुसली की स्वच्छ. गालिचा इथल्या धुळीत आठवडाभर टिकत नाही.

जुनं-नवं कुठे ठेवायचं हे आमच्याकडे कूलर ठरवतो. कूलरची ओल पार्टिकल बोर्डला सोसत नाही, कडा फुगतात. म्हणून कूलरच्या बाजूला सागवान, आणि दुकानातून आणलेलं बोर्डाचं कपाट पलीकडच्या कोरड्या भिंतीला. पश्चिमेच्या खिडकीखाली पत्र्याची पेटी ठेवू नका, दुपारी तिच्यावर बसवत नाही.

सागवान घेताना वस्तू उलटी करून बघा. खालच्या बाजूला मातीच्या रेषा दिसल्या किंवा बोटाने टोचल्यावर लाकूड पोकळ वाटलं तर वाळवी आहे, सोडून द्या. वर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर कडक मर्यादा आपल्याकडे 2017 मध्ये लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि घासलं की त्याची धूळ पोराबाळांच्या पोटात जाते. तो पेंट तसाच राहू द्या, नाहीतर जाणत्या माणसाकडून काढून घ्या. लाकडाला जवसाचं तेल लावलंत तर एक लक्षात ठेवा: तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना तापतं आणि गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर पसरून वाळवा. पितळाला चिंच-मीठ पुरे. स्वयंपाकात वापरायचं भांडं असेल तर आधी कल्हई.

किती जुनं ठेवावं, हेही विचारतात. वस्तूला काम असेल तेवढंच. पाट भिंतीला एल-पट्टीवर बसवले, त्यांच्यावर पुस्तकं आहेत. घंगाळात कांदे-बटाटे. जातं मात्र मी आणलं नाही. तिसऱ्या मजल्यावर ते चढवणार कोण आणि दळणार काय? ते बघायचं असेल तर जुन्या जळगावात चौधरी वाड्यात जा, तिथे बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. जुनं सामान हौसेने मांडलेलं घर बघायचं तर चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं. पण ती संग्रहालयं आहेत, तिथे कोणाला ओला टॉवेल वाळत घालायचा नसतो.

आणि हो, कोणी उभ्या वाड्याचं कोरीव दार उखडून विकायला आणलं तर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. पडलेल्या घराचं घ्या.