पोटॅशियम ६.२, आणि पेशंट ठणठणीत

सकाळी अकराच्या सुमारास लॅबच्या मशीनमधून एक आकडा बाहेर येतो: पोटॅशियम ६.२. नॉर्मल साधारण ३.५ ते ५.१ (लिटरमागे मिलिमोल). सहाच्या वरचं पोटॅशियम खरं असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून लॅब लगेच डॉक्टरांना फोन करते. डॉक्टर ईसीजी काढायला सांगतात. घरचे घाबरतात, आजोबांना रिक्षात घालून घोडबंदर रोडच्या गर्दीतून हॉस्पिटल गाठतात. तिथे पुन्हा रक्त घेतल्यावर आकडा येतो ४.३. आजोबांना काही झालेलंच नव्हतं, चूक रक्त घेताना झाली होती.

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) किंवा फ्लेबोटॉमीचा, म्हणजे रक्त काढण्याचा कोर्स करणाऱ्या, आणि ठाणे-नवी मुंबईत होम कलेक्शनला, म्हणजे घरोघरी रक्त घ्यायला नव्याने बाहेर पडणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिलं आहे. सगळं लक्ष शीर सापडण्यावर असतं, ते साहजिक आहे. पण सॅम्पल बिघडतं ते बहुतेक वेळा शीर सापडण्याच्या आधी किंवा नंतर. पोटॅशियम हा त्याचा फार चांगला साक्षीदार आहे. पेशीच्या आत ते बाहेरच्या रक्तद्रवापेक्षा वीसपटीहून जास्त असतं. पेशी फुटली, थकली किंवा गारठली की ते बाहेर झिरपतं आणि रिपोर्टमध्ये उतरतं.

सुरुवात मुठीपासून करू. "काका, मूठ उघडझाप करा" हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसलेलं आहे, आणि ते सोडून द्यायला हवं. टूर्निकेट (शीर फुगावी म्हणून दंडाला बांधायचा पट्टा) बांधलेलं असताना हाताचे स्नायू सारखे आवळले-सोडले की स्नायूंतलं पोटॅशियम त्याच शिरेत उतरतं. वाढ लिटरमागे १ मिलिमोल किंवा त्याहूनही जास्त असू शकते. शिवाय सिरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा पिवळसर द्रव) अगदी स्वच्छ दिसतं, त्यामुळे लॅबला संशयही येत नाही. मूठ एकदा हलकी मिटायला सांगा, रक्त यायला लागलं की उघडायला सांगा.

टूर्निकेट टोचायच्या जागेच्या ७ ते १० सेंटिमीटर वर, म्हणजे चार बोटं वर बांधायचं आणि एका मिनिटाच्या आत सोडायचं. जास्त वेळ राहिलं तर पाणी शिरेबाहेर जातं आणि आतलं रक्त दाट होतं. प्रोटीन, कॅल्शियम, कोलेस्टेरॉल खोटं वाढतं. शीर शोधण्यातच मिनिट गेलं तर टूर्निकेट सोडा, दोन मिनिटं थांबा, मग पुन्हा बांधा. त्या दोन मिनिटांत स्वॅब, बल्ब (रक्त भरायची नळी), सुई हाताशी लावून घेता येतं.

शीर निवडताना कोपराच्या खळग्यातली मधली शीर पहिली, मग अंगठ्याच्या बाजूची. करंगळीच्या बाजूची अगदी शेवटी, कारण तिच्या जवळून धमनी आणि मज्जातंतू जातात. टोचताना पेशंटला करंट बसल्यासारखी कळ बोटांपर्यंत गेली तर सुई तत्क्षणी बाहेर. "थोडं सहन करा" म्हणायचं नाही. डायलिसिसचा फिस्टुला (ऑपरेशनने जोडलेली धमनी आणि शीर) असलेला हात आणि स्तनाच्या ऑपरेशनच्या बाजूचा हात टाळा. सलाईन चालू असेल तर दुसरा हात घ्या.

स्पिरिट स्वॅब, म्हणजे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. पुसल्यावर ३० सेकंद सुकू द्या. फुंकर मारू नका, पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावू नका. ओल्या कातडीतून सुई गेली की पेशंटला झोंबतं आणि सुईबरोबर गेलेलं अल्कोहोल लाल पेशी फोडतं. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा आणि भिजून आलेला हात दोन्ही वेळ खातात. आधी हात कोरडा पुसा, मग स्वॅब. हातमोजा घातल्यावर शीर लागत नाही म्हणून तर्जनीचं टोक कापणारे बरेच दिसतात. कापलेला हातमोजा घालून काही उपयोग नाही. शीर आधी चाचपा, जवळच्या तिळाची किंवा सुरकुतीची खूण लक्षात ठेवा, मग हात स्वच्छ करून हातमोजे चढवा.

मोठ्या माणसाला २१ किंवा २२ गेजची सुई (गेज जितका मोठा तितकी सुई बारीक). बारीक, पळणाऱ्या शिरेला २३ ची बटरफ्लाय, म्हणजे पंख आणि लांब नळी असलेली सुई. सुईचं तिरपं तोंड वर, कोन ३० अंश किंवा त्याहून कमी, अंगठ्याने कातडी खाली ताणलेली. दोनदा टोचून मिळालं नाही तर तिसऱ्यांदा सहकाऱ्याला बोलवा किंवा दुसरी वेळ ठरवा.

आता सिरिंज. मोठ्या हॉस्पिटलांत व्हॅक्युटेनर (आतल्या व्हॅक्युमने रक्त आपोआप ओढणारे बल्ब) आले तरी गल्लीतल्या लॅबमध्ये आणि होम कलेक्शनला ५ मिलीची सिरिंज अजून चालतेच. पेशंटचं सॅम्पल आणि तुमचं बोट, दोघांचंही नुकसान बहुतेक एकाच क्षणी होतं, सिरिंजमधलं रक्त बल्बमध्ये उतरवताना. नेहमीची चुकीची पद्धत अशी: डाव्या हातात बल्ब, उजव्या हातात सुईसकट सिरिंज, सुई रबराच्या झाकणातून आत आणि अंगठ्याने दट्ट्या जोरात दाबलेला. बारीक सुईतून जोराने जाणारं रक्त फुटतं. सिरम गुलाबी होतं, पोटॅशियम आणि पेशींतली एलडीएच, एएसटी ही एन्झाइम्स वर जातात. आणि झाकणावरून सुई घसरली की ती बल्ब धरलेल्या बोटातच शिरते.

बरोबर पद्धत अशी. बल्ब स्टँडमध्ये उभे ठेवा. होम कलेक्शनच्या बॅगेत लहान स्टँड हवाच. तो नसेल तर सिरिंजने रक्त घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हॅक्युम बल्ब असेल तर एका हाताने सुई झाकणातून खाली घाला आणि दट्ट्या सोडून द्या. बल्ब स्वतःला हवं तेवढं ओढून घेतो. दुसरा हात पाठीमागे ठेवायची सवय लावा. साधा, फिरकीच्या झाकणाचा बल्ब असेल तर आधी सुई काढा. शार्प्सच्या (वापरलेल्या सुयांच्या) डब्याच्या झाकणाला खाच असते, तिच्यात सुई अडकवून सिरिंज फिरवली की सुई आत पडते. मग बल्बच्या भिंतीवरून रक्त सावकाश सोडा, फेस येऊ देऊ नका. सिरिंजमध्ये रक्त गोठायला लागतं, त्यामुळे हे सगळं मिनिटभरात उरकायला हवं. शिरेतून ओढतानाही दट्ट्या हळूच खेचा. जोर लावला की शीर बसते आणि पेशीही फुटतात.

बल्बांचा क्रम तोंडपाठ हवा: ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहायची बाटली), मग निळा सायट्रेट, मग लाल किंवा पिवळा, हिरवा हेपरिन, जांभळा ईडीटीए, शेवटी करडा फ्लोराइड. कारण समजलं की क्रम विसरत नाही. जांभळ्या बल्बातलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, हे पोटॅशियमचंच क्षार असतं, आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. त्याचा अंश सुईवरून लाल बल्बात गेला तरी पोटॅशियम चढतं, कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम कोसळतं. पोटॅशियम जास्त आणि कॅल्शियम जिवंत माणसात असूच शकणार नाही इतकं कमी, अशी जोडी दिसली की जाणती बायोकेमिस्ट लगेच ओळखते. लाल बल्बात रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्यातलं थोडं त्यात ओतणं हा तर उघड अपराध आहे. करड्या बल्बातही बहुधा पोटॅशियम ऑक्सलेट असतं, म्हणून तो शेवटी.

निळ्या बल्बाचं प्रमाण रक्त नऊ भाग, सायट्रेट एक भाग. रेघेपर्यंत भरला नाही तर पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटा लांबतो, आणि वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्या माणसाचा डोस त्या आकड्यावर ठरतो. बटरफ्लायने घेताना नळीतली हवा आधी बल्बात जाते आणि तेवढं रक्त कमी भरतं. म्हणून एक जादा बल्ब आधी लावून फेकून द्या. बल्ब हलवायचा म्हणजे पूर्ण उलटा करून सरळ करायचा: निळा ३-४ वेळा, पिवळा ५, जांभळा आणि करडा ८ ते १०. खळखळ हलवलात तर पुन्हा पेशी फुटणार.

सुई काढण्याआधी टूर्निकेट सोडलेलं असलं पाहिजे. हात सरळ ठेवून कापसाने दोन-तीन मिनिटं दाबायला सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाच किंवा जास्त. कोपर दुमडून बसायची सवय मोडा, त्याने दाब नीट पडत नाही आणि हात काळानिळा होतो. उपाशी पेशंट पांढरा पडला, घाम फुटला, तर टूर्निकेट आणि सुई काढा, आडवं झोपवा, पाय उंच करा. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. "मला आधी चक्कर आली होती" असं सांगणाऱ्याचं रक्त सुरुवातीपासून झोपवूनच घ्या.

नावाची चूक पोटॅशियमपेक्षा भयंकर, कारण ती कुठल्याच मशीनला दिसत नाही. "तुम्हीच पाटील ना?" असं विचारलं तर कमी ऐकू येणारी आजी मान डोलावते. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगता? आणि जन्मतारीख?" असं विचारा आणि फॉर्मशी ताडून पाहा. कोपरखैरणे-घणसोलीच्या एकेका घरात चार पाटील किंवा तीन म्हात्रे असतात, आणि नवरा-बायको दोघांचं रक्त एकाच वेळी द्यायचं असतं. एकाचं रक्त, लेबल, वेळ, सगळं पूर्ण करून पिशवीत टाका, त्यानंतरच दुसऱ्याचा हात घ्या. लेबल रक्त घेतल्यावर, पेशंटसमोर. बिल्डिंगखाली बाइकवर बसून लेबल लावायचं नाही, आणि घरून आधीच लावून आणायचंही नाही.

सुई पुन्हा टोपणात घालू नका. वापरलेली सुई थेट पांढऱ्या, न भोसकता येणाऱ्या डब्यात. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सुई नसलेली सिरिंज आणि हातमोजे लाल पिशवीत. हे सगळं पेशंटच्या घरून परत आणायचं. त्यांच्या डस्टबिनमध्ये टाकलेली सुई दुसऱ्या दिवशी घंटागाडीवरच्या सफाई कामगाराच्या हातात घुसते. त्या माणसाला कुणाच्या रक्ताची सुई टोचली हेही कळत नाही.

आणि तुम्हाला टोचली तर? साबण आणि वाहतं पाणी. पिळू नका, चोखू नका, ब्लीच लावू नका. पेशंटचं नाव-नंबर लिहून घ्या, सुपरवायझरला लगेच सांगा. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. कोर्स २८ दिवसांचा असतो. रविवारी सकाळी सात वाजता टोचलं तर कुठे जायचं, हे कामाच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय, तुमच्या वाटेवर जे असेल तिथे कुणाला भेटायचं ते. नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची) १०९७ ही मोफत हेल्पलाइनही आहे. बाधित रक्ताची सुई टोचून एचआयव्ही होण्याचा धोका हजारात तीनच्या आसपास असतो. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचा धोका शंभरात सहा ते तीस. म्हणून लसीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिने, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडी टायटर, म्हणजे लसीने किती संरक्षण तयार झालं ते मोजणारी रक्ततपासणी. तो १० किंवा वर हवा. इंटर्नशिपला लावणारी संस्था हे विचारत नसेल तर तुम्ही विचारा.

शेवटी प्रवास. लाल-पिवळा बल्ब उभा ठेवून ३० मिनिटं गोठू द्या आणि दोन तासांत सेंट्रिफ्यूज (मशीनमध्ये वेगाने फिरवून सिरम वेगळं करणं) होऊ द्या. ठाण्यात सकाळी सहाला घेतलेलं पहिलं सॅम्पल दहा घरं करून, तीन हात नाक्याची गर्दी ओलांडून साडेदहाला लॅबला पोचत असेल तर ती आखणीच चुकीची आहे. मध्ये एकदा सॅम्पल उतरवायची सोय मागा. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत बल्ब ठेवू नका. त्यावर उपाय म्हणून गोठवलेल्या आइसपॅकला बल्ब चिकटवून ठेवणंही चूकच. थंडीत पेशीतला पोटॅशियम आत ओढणारा पंप मंदावतो, पोटॅशियम झिरपत राहतं, आणि पेशी फुटलेल्या नसल्याने सिरम मात्र पिवळंधमक, निर्दोष दिसतं. बल्ब आणि आइसपॅक यांच्यात जाड टॉवेल किंवा थर्माकोल हवं, तापमान २० ते २५ अंशांच्या आसपास. खड्ड्यांत बल्ब एकमेकांवर आपटू नयेत म्हणून ते फोमच्या खाचेत उभे.

जेलचा बल्ब (ज्यात जेलचा थर सिरम आणि पेशी वेगळ्या ठेवतो) सेंट्रिफ्यूजमध्ये एकदा फिरवल्यावर पुन्हा फिरवू नका. जेलखाली अडकलेलं पोटॅशियम वर येतं. सिरम कमी निघालं तर पेशंटला फोन करून नवीन सॅम्पल मागा. "तुमच्या रक्तात काही नाही, आमचं सॅम्पल कमी पडलं, जादा पैसे लागणार नाहीत" एवढं सरळ सांगितलं की बहुतेक माणसं दुसऱ्या दिवशी हात पुढे करतात.